आईचे आगाऊ आभार

मी बोलतेय ती गुडघ्यांखालची उशी. बसायची नव्हे, आणि डोक्याखालची तर मुळीच नव्हे. घरी कोणी पाहुणा यायचा, मला उचलून खुशाल पाठीशी घ्यायचा, आणि माझ्या अंगाचा अगदी तिळपापड व्हायचा. अहो, एका बाईने जन्मभर रोज सकाळ-संध्याकाळ माझ्यावर गुडघे टेकून देवाशी बोलणं केलंय. काही मान आहे की नाही मला?

बोलणं म्हणते, कारण ते बोलणंच असायचं. "प्रभू, तुला सगळं ठाऊकच आहे, तरी सांगते," अशी तिची सुरुवात. मग दुधात पाणी कोण घालतंय, जिन्याची कितवी पायरी हलतेय, चर्चमध्ये मागच्या बाकावर कोण घोरत होतं, सगळं सांगून व्हायचं. देवाला कंटाळा येत असेल की नाही कोण जाणे, मला मात्र कधी आला नाही. घरादाराची ती आई, म्हणून मीही तिला आईच म्हणते. तसंही मला शिवलंय तिनेच.

लग्न होऊन ती दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आली. फरशी दगडी, बर्फासारखी गार. पहिल्या सकाळी तिने गुडघे टेकले आणि देवाचं नाव घ्यायच्या आधी "आई गं" म्हणाली. ती शाळेचे गणवेश शिवायची. मशीनखाली कातरण पडायची, बाह्यांचे निळे तुकडे, खिशांचे पांढरे. ती कधी टाकून द्यायची नाही. नवरा बेकरीत भट्टीवर होता. त्याने मैद्याचं रिकामं पोतं धुऊन आणून दिलं, तिने त्याची पिशवी शिवली, पोटात कातरण ठासून भरली आणि मी जन्माला आले. पहिले काही महिने माझ्या अंगाला मैद्याचा वास यायचा आणि मुंग्या मला सोडायच्या नाहीत.

नवरा, म्हणजे आमचे बाबा, साधा माणूस. पहाटे उठून भट्टी पेटवायची, त्यामुळे रविवारी उपासनेत हमखास डुलकी लागायची. आई कोपराने ढोसायची. "अगं, देवाला एवढंच दिसतं की मी डोळे मिटलेत," ते म्हणायचे.

आता आईची एक खोड सांगते. सगळी पुढची कथा त्या खोडीचीच आहे. लोक देवाकडे मागतात, मिळालं की आभार मानतात, नाही मिळालं की रुसून बसतात. आई मागायचीच नाही. ती थेट आभार मानून मोकळी व्हायची. तिचं म्हणणं, आपला विश्वास आहे ना, मग देवाला ताटकळत का ठेवायचं? आभार आधी देऊन टाकावेत, वस्तू सवडीने येते.

त्या खोलीला खिडकी नव्हती. एके सकाळी आई माझ्यावर टेकली आणि म्हणाली, "प्रभू, या खोलीला पूर्वेकडे खिडकी दिलीस, तुझे फार आभार."

बाबा चहा पीत बसले होते. त्यांनी चारही भिंतींकडे पाहिलं. "अगं, कुठाय खिडकी?"

"येईल."

"कुठून येईल?"

"ते मी कशाला विचारू? त्याचं तो बघेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आभार. तिसऱ्या दिवशीही. आठवडा गेला, दुसरा गेला. बाबांचा चहा गोड लागेनासा झाला. शेवटी घरमालकाला गाठून त्यांनी परवानगी मिळवली, सुट्टीच्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीला भिडले आणि संध्याकाळपर्यंत पूर्वेला भगदाड पाडलं. माझ्या अंगावर हा एवढा विटांचा चुरा. "देवाने दिली म्हणे खिडकी," बाबा तळहातावरचे फोड बघत पुटपुटले, "हात मात्र माझे सोलले."

"अहो, मग हात कोणी दिलेत तुम्हाला?" आई म्हणाली आणि खोबरेल तेल घेऊन फोडांना लावायला बसली.

तेव्हापासून घरात सगळे सावध झाले. आई गुडघे टेकून कशाचे आभार मानतेय, तिकडे कान लागायचे. कारण ज्याच्या कानावर ते पडायचं, त्याच्यावरच काम यायचं. मुलं झाली, आधी थोरला, मग धाकटी. धाकटीला पेटी वाजवायची भारी हौस, म्हणजे चर्चमध्ये पायाने भाता मारत वाजवायची ती मोठी पायपेटी. शिकवणार कोण? एकदा पाळकांची बायको सहज म्हणून घरी आली. आईने तिला चहा दिला, "जरा प्रार्थनेची वेळ झाली, बसा हं," म्हणाली, आणि पडद्यापलीकडे माझ्यावर टेकून खणखणीत आवाजात सुरू झाली. "प्रभू, पाळकबाईंना किती मोठं मन दिलंस. आमच्या धाकटीला पेटी शिकवायला तयार झाल्या, तुझे आभार." पलीकडे कप बशीवर आपटल्याचा आवाज आला. पुढच्या शनिवारपासून शिकवणी सुरू.

प्रत्येक वेळी जमायचंच असं नाही. थोरल्याची शाळेची शेवटची परीक्षा झाली, निकाल यायचा होता, आणि आईने तो पास झाल्याबद्दल आभार मानले. खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. त्यांनी जिन्यावरून जाताना ऐकलं, त्यांना वाटलं निकाल लागला. कौतुकाने जाऊन थोरल्याला एक पेन बक्षीस देऊन आल्या. आणि पोरगं गणितात नापास. पेन खिशाला लावून, मान खाली घालून दारात उभा.

"आई, तू कशाला आभार मानलेस आधीच? माझं हसं झालं."

"मानले ते मानले. आता परत मागता येतात का? बस अभ्यासाला."

पुढल्या वेळी पास झाला. त्याच पेनने पेपर लिहिला. नर्सबाई म्हणाल्या, माझं पेन वाया गेलं नाही.

वर्षं अशी भराभर गेली. माझं पोट तेच, पण अंगावरचे अभ्रे बदलत राहिले. मैद्याचं पोतं विरलं, मग बाबांच्या पँटचा अभ्रा चढला. मग पडद्याचा. मग नातवाच्या दुपट्याचा, तो फार मऊ होता, पण टिकला नाही. बाबा गेले, तेव्हा आईने पुन्हा त्यांची एक जुनी पँट उसवली आणि मला तिच्यात घातलं. त्या वर्षी ती बोलायची कमी, टेकून नुसती राहायची जास्त. मग हळूहळू पुन्हा सुरू झाली. "प्रभू, तुला ठाऊकच आहे, तरी सांगते. तुझ्याकडे आलेत ते पहाटे उठायची घाई करतील. त्यांना म्हणावं, झोपा आता निवांत." मला हसूही आलं आणि रडूही आलं.

थोरला भट्टीवर बाबांच्या जागी लागला, लग्नानंतर बेकरीजवळच राहायला गेला; त्याची बायको, आमची सूनबाई, रोज येऊन आईचं सगळं बघायची. चर्चमध्ये गायनमंडळ त्याच्याकडे आलं. गळा चांगला, शिस्त कडक. धाकटी टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची, आणि दर रविवारी पेटीवर असायची. भाऊ हात हलवून गाणं चालवणार, बहीण पेटी वाजवणार, आई पहिल्या बाकावर बसून गाणार. त्या वेळी देवाला सांगण्यासारखी आईची तक्रारच उरली नव्हती. जिन्याची पायरीसुद्धा दुरुस्त झाली होती.

आणि मग तो रविवार आला. मी काही चर्चला जात नव्हते, पण आईने घरी येऊन देवाला जे सांगितलं त्यावरून मला सगळं कळलं.

चर्चला नवं छप्पर बसलं होतं, त्याची खास उपासना होती. बाहेरून पाहुणे आले होते. थोरल्याने नवं गीत बसवलं होतं, चांगलं ठसक्यात. सुरू झालं आणि पेटी मागे राहायला लागली. प्रत्येक ओळीच्या शेवटी जराशी मागे. थोरल्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली. तिसऱ्या कडव्याला त्याने हात वर केला आणि सगळं थांबवलं. भर उपासनेत. "पेटी मागे राहतेय," तो म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून. आणि ज्यांना जमत नसेल त्यांनी नुसतं ऐकावं."

धाकटीने पेटीचं झाकण लावलं, धाडकन, आणि मधल्या वाटेने चपला वाजवत बाहेर निघून गेली. त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं बंद.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? मीही तेच म्हणत होते. पहिल्या महिन्यात वाटलं, निवळेल. दुसऱ्या महिन्यात आईने आपलं नेहमीचं अस्त्र काढलं. "प्रभू, दोघं बोलायला लागली, तुझे आभार." दारात उभ्या असलेल्या थोरल्याने ऐकलं. "आई, तुझं ते आगाऊ आभार प्रकरण माझ्यावर चालायचं नाही. तिने येऊन बोलावं आधी." संध्याकाळी धाकटी म्हणाली, "आई, सरळ सांगते, तू कितीही आभार मान. त्याने सगळ्यांदेखत माझा पाणउतारा केलाय."

घर होतं ते वेड्यांचा बाजार झाला. थोरला दुपारी यायचा, भट्टीचं काम आटोपून, पाव घेऊन. धाकटी संध्याकाळी यायची, कचेरी सुटल्यावर, भाजी घेऊन. चुकूनही गाठ पडू द्यायची नाहीत. आणि एकमेकांना विचारायचं नाही म्हटल्यावर सगळं दोन-दोन. खोकल्याच्या बाटल्या दोन, छत्र्या दोन. हिवाळ्यात दोघांनी स्वेटर आणले, एक तपकिरी, एक हिरवा. आई दुपारी तपकिरी घालायची, चार वाजले की तो काढून हिरवा चढवायची. सूनबाई म्हणायची, "आई, तुम्ही दोन पाळ्यांत काम करता की काय?"

आईने त्याच वर्षी माझा नवा अभ्रा शिवला. तोच अजून माझ्या अंगावर आहे. अर्धा थोरल्याच्या गायनमंडळातल्या जुन्या जांभळ्या डगल्याचा, अर्धा धाकटीच्या लहानपणीच्या पिवळ्या फ्रॉकचा, मधोमध दुहेरी शिवण. उजवा गुडघा जांभळ्यावर, डावा पिवळ्यावर. दोघांवर सारखा भार. शिवण मला जरा टोचते, पण मी कधी कुरकुर केली नाही.

आणि मग एके दिवशी मी जन्मात ऐकलं नव्हतं ते ऐकलं. आई टेकली आणि म्हणाली, "प्रभू, माझ्या पोरांना बोलतं कर रे." आभार नाहीत. मागणं. खिडकी मागितली नाही, पास होणं मागितलं नाही, बाबांच्या शेवटच्या आजारातसुद्धा तिने प्रत्येक चांगल्या दिवसाचे आभारच मानले होते. आता ती मागत होती, आणि आवाज नेहमीचा नव्हता. मला धस्स झालं. तिला मागायला लागलं म्हणजे तिचा धीर सुटला असं मला वाटलं.

ते मागणं रोज चाललं. किती वर्षं म्हणून सांगू, धाकटीचे केस पिकले. पेटीचं झाकण बंदच होतं. तिच्याऐवजी पाळकांचा भाचा गिटार वाजवायचा. आई म्हणायची, "प्रभू, पोरगा मनाने चांगला आहे, तुला ठाऊकच आहे. पण तू ऐकतोस कसं ते?"

आईची नव्वदी आली. कान गेले, दम कमी झाला. जन्मभर मशीनवर वाकून कापसाची धूळ छातीत गेलेली, दोन वाक्यं बोलली की थांबून श्वास घ्यायची. डॉक्टर तपासून गेले आणि सूनबाईशी जिन्यात बराच वेळ बोलले. आईला ऐकू आलं नाही, पण तोंडं दिसली. त्या संध्याकाळी तिने देवाला स्पष्ट सांगितलं. "यायची माझी तयारी आहे. कधीचीच आहे. पण मला निरोप द्यायला एक गाणार नाही आणि एक वाजवणार नाही, अशी मी निघू कशी? ते गिटारवर यायचं का मी तुझ्याकडे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्याची पावलं जिन्यात वाजली. आई आधीच माझ्यावर टेकलेली. आता, कान गेल्यापासून ती फार मोठ्याने प्रार्थना करते, बिचारीला कळत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. मला विचारा. एकटी असली की ती अगदी हळू बोलायची. मोठा आवाज फक्त दाराशी कोणी आलं की. आणि कोण आलंय ते तिला ऐकून कळायची गरजच नव्हती. थोरल्याबरोबर भाजलेल्या पावाचा वास यायचा.

"प्रभू," तिने आवाज चढवला, "धाकटीच्या मनातली अढी तू काढलीस. पोर आपणहून दादाशी बोलायला निघाली. तुझे फार फार आभार."

पावलं थांबली. वर्षानुवर्षं ती मागत होती, आज आभार मानत होती, म्हणजे नक्की काहीतरी घडलंय असं त्याला वाटलं. तो आत आला, पाव ठेवला, काहीतरी विचारावं म्हणून दोनदा घसा खाकरला, आणि न विचारताच गेला. संध्याकाळी जिन्यात चपला वाजल्या, खालून दार लागल्याचा धक्का फरशीतून आईच्या गुडघ्यांना आणि मला दोघींना कळला. "प्रभू, थोरल्याला आपली चूक कळली. बहिणीकडे जायला निघालाय. तुझे आभार." भाजीची पिशवी दारातच खाली बसली.

धाकटी स्वयंपाकघरात गेली तशी आई वाकून, माझ्या कानात बोलावं तशी पुटपुटली, "बोलून तर बसले बाबा. आता तू सांभाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने मला उन्हात टाकलं, बाबांनी पाडलेल्या त्याच खिडकीत. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. ऊन छान होतं. गल्लीच्या एका टोकाकडून थोरला येताना दिसला, दुपार व्हायच्या किती तरी आधी, अंगावर भट्टीचा मळका अंगरखा तसाच. आणि दुसऱ्या टोकाकडून धाकटी, कचेरी सोडून. दोघं आईलाच विचारायला निघालेले असणार, खरं का म्हणून. नेमकी जिन्याच्या दाराशी गाठ पडली.

दोघं उभे. खालून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, दोघं एकाच बाजूला सरकले.

"ये," थोरला म्हणाला. इतक्या वर्षांतला पहिला शब्द. "बरं झालं तू आधी बोललीस."

"मी?" धाकटी म्हणाली. "मी कुठे बोलले? तूच म्हणालास ना आईला, चूक झाली म्हणून?"

"मी कधी म्हणालो? तूच निघाली होतीस म्हणे माझ्याशी बोलायला."

"कोण म्हणालं?"

दोघांनी एकदमच वर खिडकीकडे पाहिलं. आई माझ्यावर हात टेकून उभी होती, आणि अगदी मन लावून समोरच्या गच्चीवरचं कबुतर बघत होती.

धाकटीला आधी हसू फुटलं. मग थोरल्याला. तो जिन्याच्या कठड्याला धरून असा हसला की नर्सबाईंच्या घरातून त्यांची लेक बाहेर आली, काय झालं म्हणून.

वर आल्यावर मात्र हसणं ओसरलं. आई पलंगावर बसली, मी तिच्या मांडीवर. थोरला स्टुलावर, धाकटी दाराशी उभी. एवढ्या वर्षांचं बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची?

"एक विचारू, चिमणे?" थोरला म्हणाला. तो तिला लहानपणी चिमणी म्हणायचा. "तू एवढी चांगली वाजवायचीस. त्या दिवशी मागे का राहत होतीस? मला वाटलं, मुद्दाम करतेस."

धाकटीने आईकडे पाहिलं. "काय म्हणताय? मला काही ऐकू येत नाही बाबा," आई म्हणाली आणि माझ्या अभ्र्याचा दोरा ओढत बसली.

"तू गाणं चालवतोस तेव्हा तुझी पाठ असते लोकांकडे," धाकटी म्हणाली. "मला पेटीवरून पहिला बाक दिसतो. आईला तेव्हाच धाप लागायला लागली होती. ओळ संपली की तिला श्वास घ्यायला वेळ लागायचा. मी थांबले नाही तर ती पुढची ओळ सोडून द्यायची, नुसते ओठ हलवायची. मी तिच्या तोंडाकडे बघून वाजवायचे, दादा."

थोरल्याने हातातला पाव खाली ठेवला, मग पुन्हा उचलला, मग पुन्हा ठेवला.

"सांगायचंस मला."

"तू विचारलं नाहीस. हात वर करून थांबवलंस. आणि आईसमोर काय सांगणार होते, की तिला दम पुरत नाही?"

"चुकलं माझं," थोरला म्हणाला. मग जरा मोठ्याने, आईकडे बघून, "चुकलं माझं, आई."

"ऐकलं मी," आई म्हणाली. "कालच ऐकलं."

पुढच्या रविवारी पेटीचं झाकण उघडलं. आत झुरळांनी संसार थाटला होता, भात्याला दोन भोकं होती, सगळ्यांनी मिळून साफसफाई केली. गिटारवाल्या भाच्याला टाळ्या वाजवायचं काम मिळालं आणि ते त्याने फार आनंदाने केलं. थोरला आता गाणं चालवताना तिरका उभा राहायचा, एक डोळा गायनमंडळाकडे, एक पहिल्या बाकाकडे. आईने हिरवा आणि तपकिरी दोन्ही स्वेटर एकावर एक घातले होते. घामाघूम झाली, पण काढले नाहीत. त्या रात्री जेवायला सगळे एकत्र आणि पाव कमी पडला, कारण दोघांनी एकमेकांवर सोडलं होतं.

त्यानंतरही ती बरेच महिने होती. मागणं बंद झालं, पुन्हा आभार सुरू. शेवटी गुडघे वाकेनात, तेव्हा मला पलंगावर घेऊन, माझ्यावर हात ठेवून बोलायची. शेवटची प्रार्थना मला पाठ आहे. "प्रभू, तुला ठाऊकच आहे, तरी सांगते. माझ्या अंत्यविधीला गाणं छान झालं. तुझे आभार." आणि झोपली. सकाळी उठली नाही.

मला शवपेटीत तिच्याबरोबर ठेवावं असं कोणीतरी सुचवलं होतं. थोरला नको म्हणाला. त्याने मला काखेत मारलं आणि चर्चला नेलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी चर्च पाहिलं. नवं छप्पर आता जुनं झालं होतं. पेटीपुढचं बाक लाकडी, कडक. त्याने मला त्यावर ठेवलं आणि बहिणीला म्हणाला, "बस."

हो, मीच ती, बसायची नव्हे म्हणून नाक उडवणारी. पण त्या दिवशी मी तोंडातून ब्र काढला नाही.

गीत सुरू झालं, तेच, छपराच्या दिवसाचं. पहिली ओळ संपली. धाकटीचे हात पट्ट्यांवरून उचलले गेले आणि हवेत राहिले, आईला श्वास घ्यायला वेळ लागायचा तेवढा वेळ. पहिल्या बाकावर आता कोणी नव्हतं. थोरल्याचा हात वर होता. त्याने तो खाली आणला नाही. सगळी मंडळी थांबली. मग धाकटीने पुढची ओळ धरली. प्रत्येक ओळीनंतर तसंच. ते गीत आमच्या चर्चमध्ये आता तसंच गातात. गायनमंडळात नवी मुलं येतात, त्यांना का थांबायचं ते ठाऊक नसतं, पण थांबायचं ते बरोबर शिकतात. त्या वेळी धाकटी माझ्यावरून जराशी उचलली जाते, आणि तेवढ्यापुरती मी मोकळी होते.

मी आता इथेच असते. कातरण पोटात गोळा झालीय, पिवळी बाजू विटलीय, जांभळी विरलीय. मधली शिवण तेवढी धड आहे. आईच्या हाताची आहे ती.

जाता जाता तुमच्याशी दोन शब्द. तुमच्याही घरात कोणीतरी असेल, ज्याच्याशी तुम्ही खूप दिवस बोलला नाहीत. कारण आता नीट आठवतही नसेल. मी सल्ला देणारी कोण? साधी उशी. मी एवढंच म्हणते, तुम्ही आज आपणहून त्याच्याकडे गेलात, दार वाजवलंत आणि बोललात, फार बरं केलंत. तुमचे मनापासून आभार.